परीक्षानळीत कोणाचं भात जातं?

४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी भाताचे दोन जनुक-संपादित (भाताच्या स्वतःच्याच जनुकात नेमका बदल केलेले) वाण जाहीर केले. एक हैदराबादच्या भात संशोधन संस्थेचा 'डीआरआर धान १००', म्हणजेच 'कमला', आणि दुसरा दिल्लीच्या पुसा संस्थेचा 'पुसा डीएसटी राईस १'. तेव्हापासून जो वाद पेटला आहे त्यात दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, हे विष आहे, शेती कंपन्यांच्या घशात घालण्याचा डाव आहे. दुसरा म्हणतो, विरोध करणारे अडाणी आणि विज्ञानद्रोही आहेत. खान्देश हा खरं तर भाकरीचा मुलूख. नवापूरचा पट्टा आणि सातपुड्याचे उतार सोडले तर भात आपल्याकडे पाहुण्यासारखाच. तरीही जळगाव-धुळ्याच्या कृषी प्रदर्शनांत आणि बाजार समितीच्या आवारात हा वाद तावातावाने चालतो. त्याचं कारण उघड आहे. टिश्यू कल्चरची केळी आणि बीटी कापूस ही दोन्ही तंत्रं आपल्या शिवारातून गेली आहेत. पहिल्याने पैसा दाखवला; दुसऱ्याने आधी पैसा आणि मग बोंडअळी दाखवली. त्यामुळे रावेर-यावलचा केळीवाला सांगतो, 'काही होत नाही, घ्या'. शिरपूर-शिंदखेड्याचा कापूसवाला सांगतो, 'वाट लागेल'. दोघेही स्वतःच्या पिकाचा निकाल भातावर लावून मोकळे होतात.

मला हे दोन्ही निकाल मान्य नाहीत. प्रयोगशाळेत एखादं जनुक बदललं एवढ्यावरून भात खाण्यास अपायकारक ठरत नाही, आणि अशा वाणांवर सरसकट बंदी मागणं चूक आहे. मात्र सरकारने हा कारभार जसा चालवला आहे तसाच चालू द्यावा, असंही मला वाटत नाही. भांडण जनुकावर चाललं आहे. खरा प्रश्न जनुकाच्या एक पायरी अलीकडे आहे. आपल्या देशात भाताच्या हजारो जाती आहेत. त्यातली कोणती प्रयोगशाळेत शिरते, ते कशावरून ठरतं, आणि बाहेर पडलेलं बियाणं पुढच्या वर्षी शेतकऱ्याच्या कणगीत राहतं की दुकानाच्या फळीवर? हे तीन प्रश्न विचारले की तंत्रज्ञानाच्या बाजूने की विरोधात, ही विभागणीच निरर्थक वाटू लागते.

आधी एक गोंधळ दूर केला पाहिजे, कारण तो दोन्ही बाजूंच्या सोयीचा आहे. 'टिश्यूची केळी खाता ना, मग जीएम (जनुकबदल केलेल्या) भाताला का घाबरता?' हा युक्तिवाद आपल्याकडे सर्रास ऐकू येतो. तो चुकीचा आहे. केळीच्या टिश्यू कल्चरमध्ये कंदाच्या टोकाचा कोवळा कोंब घेतात, निर्जंतुक माध्यमावर ठेवतात आणि त्याला फुटवे आणतात. जनुकात कोणी हात घालत नाही. जळगावच्या जैन उद्योगसमूहाने १९९० च्या दशकात ग्रँड नैनची अशी रोपं शेतकऱ्यांना द्यायला सुरुवात केली आणि बसराई-श्रीमंतीच्या बागांचा चेहराच बदलला. दीड वर्षाचं पीक सुमारे वर्षावर आलं, घड वजनदार झाला, बाग एकदम कापणीला येऊ लागली. हा फायदा खरा आहे आणि तो नाकारणारा माणूस तापीकाठी उभा राहू शकणार नाही. पण त्याची किंमतही आपण पाहिली. लाखो रोपं एकाच मातेची, सगळ्यांची ताकद एक आणि सगळ्यांची कमजोरीही एक. अलीकडच्या काही पावसाळ्यांत सीएमव्ही या विषाणूने रावेर-यावलच्या कोवळ्या बागा पिवळ्या पाडल्या आणि शेतकऱ्यांना उभी रोपं उपटून फेकावी लागली. तिथे दोष जनुकबदलाचा नव्हता, कारण जनुकबदल झालाच नव्हता. मावा, पाऊस, शेजारची काकडीवर्गीय पिकं, काही ठिकाणी रोपांची निष्काळजी तपासणी अशी कारणं होती, आणि त्या सगळ्यांना वाव देणारा एकसारखेपणा होता. केळीपासून भातासाठी धडा घ्यायचाच तर तो हा आहे. 'काही होत नाही' हा धडा त्यातून निघत नाही.

भाताचं टिश्यू कल्चर वेगळं चालतं, आणि ते समजून घेतल्याशिवाय या वादाला अर्थ नाही. पिकलेला दाणा सोलून निर्जंतुक करतात आणि माध्यमावर ठेवतात. माध्यमात लिटरमागे जेमतेम दोन मिलिग्रॅम टू-फोर-डी असतं. हो, तेच तणनाशक, ज्याचा पंप नीट न धुता कपाशीवर मारला तर पानं भेंडीच्या पानासारखी होतात. अत्यल्प मात्रेत ते वेगळंच काम करतं. अंकुराजवळच्या पेशी आपलं ठरलेलं काम विसरतात आणि तीन-चार आठवड्यांत त्यांचा पिवळसर, दाणेदार गोळा तयार होतो. त्याला कॅलस म्हणतात. या कॅलसवर अ‍ॅग्रोबॅक्टेरियम हा मातीतला जीवाणू सोडतात. हा जीवाणू मुळातच स्वतःच्या डीएनएचा तुकडा वनस्पतीत घुसवून तिथे गाठी आणणारा. शास्त्रज्ञांनी त्यातला गाठीचा भाग काढून त्या जागी हवं ते जनुक बसवलं. मग ज्या पेशींत जनुक शिरलं तेवढ्याच जगतील असं माध्यम द्यायचं, त्यातून हिरवे कोंब आणायचे, मुळं फोडायची आणि रोप हळूहळू बाहेरच्या हवेला सरावायचं. ही सगळी साखळी एका कडीवर लटकलेली आहे: कॅलस धरला पाहिजे आणि कॅलसमधून पुन्हा रोप उठलं पाहिजे. १९९४ मध्ये जपानी संशोधकांनी अ‍ॅग्रोबॅक्टेरियमने भातात जनुक घालण्याची भरवशाची पद्धत मांडली, ती जपानी पद्धतीच्या, आखूड-चिकट दाण्याच्या जॅपोनिका भातावर. आपला भात बहुतांश इंडिका. इंडिकाचा कॅलस हट्टी असतो. तपकिरी पडतो, कुजतो, नाहीतर नुसताच वाढतो आणि रोप देत नाही. एक जात सहज रोपं देते, तिची सख्खी बहीण महिनोन्‌महिने दाद देत नाही.

याचा परिणाम काय होतो? संशोधनाची दिशा शेतकऱ्याच्या गरजेआधी कॅलसच्या स्वभावावर ठरते. सर्वांत गाजलेलं उदाहरण सोनेरी भाताचं. इंगो पॉट्रीकस आणि पीटर बेयर यांनी २००० साली 'अ' जीवनसत्त्वाचा पूर्वघटक असलेला भात जगापुढे ठेवला, तो 'तैपेई ३०९' या जातीत. ती का निवडली? आशियातला गरीब माणूस ती पिकवत होता म्हणून नाही. प्रयोगशाळेत ती रोपं चटकन देते म्हणून. मग तो गुण लोक खरोखर पिकवतात त्या इंडिका जातींत उतरवण्यात वर्षामागून वर्षं गेली. सोनेरी भाताला उशीर झाला तो केवळ आंदोलकांमुळे, असं समर्थक आजही सांगतात. आंदोलनांनी अडवलं हे खरं, फिलिपिन्समध्ये २०२१ साली लागवडीला दिलेली परवानगी २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयाने थांबवलीही. पण सुरुवातच चुकीच्या जातीपासून झाली होती, हे सांगायला कोणी पुढे येत नाही.

कोणी म्हणेल, 'कमला' तर संपादित वाण आहे, त्यात परकं जनुक नाही, मग टिश्यू कल्चरची कथा इथे कशाला? कारण संपादित भातही याच दारातून जातो. जनुक कापणारी कात्री पेशीत पोचवायला आधी तीच कॅलस-अ‍ॅग्रोबॅक्टेरियमची वाट धरावी लागते. काम झाल्यावर पुढच्या पिढीत ज्या रोपांत कात्रीचं जनुक उतरलं नाही तेवढीच निवडतात आणि मग वाण 'परक्या जनुकाविना' होतो. 'कमला'ची आई सांबा मसुरी, बापटल्याची बीपीटी ५२०४. 'पुसा डीएसटी'ची आई एमटीयू १०१०. दोन्ही लाखो हेक्टरवर पिकणाऱ्या, आंध्रच्या कृषी विद्यापीठाच्या जाती. दोन्ही इंडिका. त्यांचा कॅलस वठणीवर आणला ही आपल्या शास्त्रज्ञांची कमाईच आहे, आणि सरकारी पैसा आधी मोठ्या क्षेत्राच्या जातींवर खर्च होणं तर्काला धरूनच आहे. माझी हरकत पहिल्या दोन वाणांवर नाही. तिसरा, चौथा, दहावा वाण कोणता असेल, हे ठरवण्याची कुठलीही उघड पद्धत नाही, यावर आहे.

आता विरोधकांचे मुद्दे. त्यातले सगळेच भाबडे नाहीत, आणि सर्वांत भारी मुद्दा आपल्याच कापसाचा आहे. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हा देशाची सरासरी उत्पादकता हेक्टरी सुमारे ३०० किलो रुई होती. २००७-०८ पर्यंत ती साडेपाचशेच्या घरात गेली. ही वाढ सगळी बीटीची नव्हती. संकरित वाण, ठिबक, नवी कीटकनाशकं यांचाही तीत वाटा होता. पुढे आलेख खाली वळला. गुजरातमध्ये गुलाबी बोंडअळीने पहिल्या बीटी प्रथिनाला दाद देणं सोडलं हे २०१० मध्येच उघड झालं होतं. २०१७ मध्ये महाराष्ट्रात तिने हाहाकार केला. मग आज बीटीवर विश्वास ठेवून फसलेल्या शेतकऱ्याने भाताच्या नव्या आश्वासनावर का विश्वास ठेवावा?

प्रश्न रास्त आहे, पण उत्तर तपासलं पाहिजे. बोंडअळी पुन्हा डोईजड झाली ती जनुक विषारी होतं म्हणून नाही. देशभर जवळपास एकाच जनुकाचं पीक उभं राहिलं, फरदडीमुळे, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात ठेवलेल्या कपाशीमुळे, अळीला बारा महिने खाद्य मिळालं, आणि अळी बीटीला सरावू नये म्हणून ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत आलेली १२० ग्रॅम बिगर-बीटीची पुडी बांधावर फेकली गेली. याहून मोठी गोष्ट अशी की भारतात बीटी आलं ते संकरित बियाण्याच्या पोटात. चीन-अमेरिकेत ते सरळ वाणांत होतं. संकरिताचं राखलेलं बियाणं गुण धरत नाही, म्हणून आपल्याकडे दरवर्षी पाकीट विकत घेण्याचा रिवाज पडला. म्हणजे जे बिघडलं ते धंद्याच्या आणि देखरेखीच्या पातळीवर. भात या बाबतीत मुळातच निराळा आहे. तो स्वपरागीत. सरळ वाणाचं भात या वर्षी पेरलं तर त्यातलंच निवडून पुढच्या वर्षी पेरता येतं, गुण जात नाही. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण कायद्याच्या कलम ३९ ने शेतकऱ्याला बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि कंपनीचं नाव न लावता विकण्याचाही हक्क दिला आहे. तेव्हा कापसाचा अनुभव सांगून भाताला नकार देणं चुकीचं आहे. त्याच अनुभवावरून अट घालावी की संपादित भात सरळ वाणाच्या रूपातच द्या. ही अट विरोधकांपैकी किती जणांनी मांडली? फारशी कोणी नाही, कारण अट मांडायची तर आधी तंत्र मान्य करावं लागतं. आणि समर्थकांनी? त्यांना तर अटीची गरजच वाटत नाही.

दुसरा मुद्दा माहितीचा. ३० मार्च २०२२ च्या आदेशाने केंद्राने परकं जनुक नसलेल्या संपादित वनस्पतींना १९८९ च्या जैवसुरक्षा नियमांतल्या मुख्य तरतुदींतून वगळलं. म्हणून 'कमला' जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीपुढे गेलीच नाही. समर्थकांचं उत्तर असतं की अशा बारीक बदलांना एवढी छाननी नको. तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राने किरणोत्साराने घडवलेल्या उत्परिवर्तित वाणांपासून निघालेला 'टीएजी-२४' भुईमूग आणि 'टीएयू-१' उडीद आपण वर्षानुवर्षं पेरला, खाल्ला. किरणांनी जनुकसंचात किती ठिकाणी मोडतोड केली याचा हिशेब कोणी मागितला नाही. मग एका जागी, ठरवून केलेल्या बदलाचा एवढा बाऊ का? यात दम आहे. 'कमला'त सायटोकायनिन हे संप्रेरक मोडणाऱ्या विकराचं जनुक बदललं, त्यामुळे लोंबीत दाणे वाढले; या जनुकातले असे बदल काही भातांत निसर्गतःही सापडतात. पण पूर्वी विचारलं नाही म्हणून आताही विचारू नये, हा कुठला न्याय? शिवाय कॅलसच्या अवस्थेत पेशी काही आठवडे काढतात तेव्हा जनुकसंचात आपोआप बारीकसारीक बदल होतात, हे १९८१ पासून शास्त्राला ठाऊक आहे. टिश्यूच्या बागेत मध्येच एखादं बुटकं, वेडंवाकडं झाड निघतं त्यामागेही बऱ्याचदा हेच असतं. म्हणून संपादनाचा बदल एकच असला तरी रोपातला बदल एकच आहे असं गृहीत धरता येत नाही. तो तपासावा लागतो आणि तपासलेलं लोकांपुढे ठेवावं लागतं.

इथे पुन्हा सोनेरी भात कामी येतो. त्याचा एक नमुना भारतात आणून स्वर्णा जातीत उतरवला गेला, तर झाडं खुरटली आणि उत्पन्न घटलं. २०१७ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्याच शास्त्रज्ञांनी कारण शोधून छापलं: नवं जनुक भाताच्या स्वतःच्या एका महत्त्वाच्या जनुकाच्या मधोमध जाऊन बसलं होतं. पाहुणा भला होता, पण तो चुलीवरच बसला. हे आंदोलकांनी शोधलं नाही, तंत्र वापरणाऱ्यांनी शोधलं, आणि उघड केलं म्हणून त्यांची विश्वासार्हता वाढली. 'कमला'बद्दल १९ टक्के जादा उत्पन्न आणि सुमारे वीस दिवस लवकर कापणी असा सरकारचा दावा आहे. तो खरा असेलही. मग चाचण्यांचे ठिकाणवार, वर्षवार आकडे शेतकऱ्याला वाचता येतील अशा रीतीने मांडायला अडचण कसली? आकडे मागणाऱ्याला विज्ञानद्रोही म्हणणारा माणूस विज्ञानाच्या बाजूचा कसा?

तिसरा मुद्दा रानभाताचा. भारत हे भाताच्या मूळ घरांपैकी एक. ओरायझा निवारा, ओरायझा रुफिपोगॉन हे रानटी भाऊबंद आजही तळ्याकाठी, ओहोळांत उगवतात, आणि परागकण कुंपण मानत नाहीत. शेतातलं जनुक रानात जाऊ शकतं, एकदा गेलं की परत आणता येत नाही. हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो, आणि तणनाशक सोसणाऱ्या भाताच्या बाबतीत तर तो निर्णायक मानतो. तण आणि पीक एकाच कुळातलं असताना तणनाशकाचं जनुक सोडणं म्हणजे पुढच्या संकटाची पेरणी आहे. पण दाण्यांची संख्या वाढवणारा बदल आणि तणनाशक सोसणारा बदल यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. रानभाताला जादा दाण्यांनी कितपत फायदा होईल ते बघावं लागेल, पण जोखीम सारखी नाही. 'जीएम' असा एकच शिक्का मारून दोन्ही एका टोपलीत टाकणारे लोक नेमका जिथे जोर लावायचा तिथला जोर कमी करतात. बेकायदा तणनाशक-सहनशील कापूस, ज्याला आपण चोरबीटी म्हणतो, तो सीमेपलीकडून पिशव्यांतून येतोच आहे. त्यावर ना पावती, ना हमी, ना तपासणी. सरसकट बंदीने तंत्र थांबत नाही, फक्त बिल थांबतं.

देशात तांदूळ उदंड पिकतो, गोदामं भरली आहेत, मग जादा उत्पन्नाचा वाण हवाच कशाला, असंही विचारलं जातं. राष्ट्रीय आकड्यांच्या पातळीवर हे बरोबर आहे. पंजाबातल्या भातासाठी भूजल उपसण्यापेक्षा तिथला भात कमी करावा, असंच मीही म्हणेन. पण हा प्रश्न नवापूर-अक्कलकुव्याच्या आदिवासी शेतकऱ्याला विचारा. त्याचं भात गोदामात जात नाही, घरच्या चुलीवर जातं. पाऊस ऑगस्टात दडी मारतो, उताराच्या खाचरात पाणी ठरत नाही, लोंबी पोचट राहते. त्याला हवं ते हळवं म्हणजे लवकर पिकणारं, काटक, करप्याला दाद न देणारं आणि चवीला त्याच्या घरचंच असणारं भात. देशाचं कोठार भरलं आहे म्हणून त्याने नव्या विज्ञानावर पाणी सोडावं, हा शहाणपणा कोणाच्या खर्चाने सांगितला जातो?

मी ज्या बाजूकडे झुकतो त्या समर्थकांचाही हिशेब केला पाहिजे. 'सरकारी संस्थेचं आहे, म्हणजे सुरक्षित' हे त्यांचं आवडतं वाक्य. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठासोबत बिकानेरी नरमा बीटी हा सरळ वाण काढला होता. शेतकऱ्याने बियाणं राखावं, दरवर्षी विकत घेऊ नये, हाच त्यामागचा हेतू. कल्पना अगदी योग्य होती. २००९ मध्ये तो बाजारात आला आणि त्याच वर्षी गुंडाळावा लागला. पुढे चौकशी समितीला त्यात खासगी कंपनीच्या जनुकाची भेसळ आढळली. सरकारी सरळ बीटीची वाट तिथे अनेक वर्षांसाठी बुजली, आणि संकरित पाकिटांना मोकळं रान मिळालं. ढिसाळपणाची किंमत विरोधकांच्या मोर्चाहून जास्त असते, हे या एका प्रकरणावरून दिसतं. माहिती दडवण्याचीही तीच गत. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरलाच सापडला. तेव्हा खरी माहिती पोचायच्या आत अफवा पोचल्या आणि राज्यभर कोंबडीचा धंदा बसला. ज्यांच्या पोल्ट्रीत रोग नव्हता तेही बुडाले. अन्नाबाबतची भीती अडाणीपणातून येते असं म्हणणं सोपं आहे. ती बहुतेक वेळा मौनातून येते.

आता मूळ प्रश्नाकडे. परीक्षानळीत कोणाचं भात जातं? खासगी कंपनी नवापूरच्या उतारावरच्या एखाद्या स्थानिक जातीचा कॅलस धरायला कधीच येणार नाही. चार गावांत पिकणाऱ्या जातीत बाजार नाही. म्हणजे हे काम सार्वजनिक पैशानेच व्हायचं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आपला सगळा खान्देश येतो, पण त्याची भात संशोधन केंद्रं इगतपुरी, वडगाव मावळ, राधानगरी अशी सह्याद्रीच्या कडेची. तिथे झालेलं एक काम मात्र आपल्याला आदर्श म्हणून पुरेसं आहे. १९८७ च्या सुमारास वडगाव मावळहून 'इंद्रायणी' आली: आंबेमोहोर १५७ आणि 'आयआर ८' यांचा संकर. फिलिपिन्सहून १९६६ मध्ये निघालेल्या 'आयआर ८'ने आशियाभर स्थानिक भातं हुसकावली, त्याच्या नावाने चमत्कार आणि शिव्याशाप दोन्ही आहेत. मावळात मात्र कोणीतरी विचार केला की बुटकेपणा आणि उत्पन्न तिकडून घेऊ, पण वास आणि मऊपणा आंबेमोहोराचाच ठेवू. परकं तंत्र, परका गुण, आणि ताटातला भात आपला. आज घरोघर इंद्रायणी मागतात ती 'आयआर ८'ची लेक आहे हे किती जणांना माहीत असतं? संपादनाचं तंत्र हे काम त्याहून नेमकं करू शकतं, कारण त्यात अख्खी जात ढवळावी लागत नाही. एक दोष दुरुस्त करून बाकीचा भात जसाच्या तसा ठेवता येतो. म्हणूनच ते लहान जातींसाठी सर्वांत जास्त कामाचं आहे, आणि आज वापरलं जातंय मोठ्या जातींसाठी.

त्यासाठी पहिली पायरी अवाढव्य नाही. स्थानिक जातींचे दाणे घ्यायचे, दोन-चार माध्यमांवर ठेवायचे, कोणती कॅलस धरते आणि कोणती रोप देते याची नोंद करायची. जैवतंत्रज्ञान शिकवणाऱ्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत होण्याजोगं हे काम आहे; केळीमुळे माध्यम बनवणारे, रोपं सरावणारे हातही जळगावात तयार आहेत. आणि हे परदेशी तंत्र म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी एक आठवण: परागकोशापासून थेट रोप उठवण्याचा जगातला पहिला यशस्वी प्रयोग १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीश माहेश्वरी यांनी धोतऱ्यावर केला. जपान्यांनी तो भातावर नेला चार वर्षांनंतर. ज्या धोतऱ्याला आपण उकिरड्यावरचं झाड समजतो त्यावर ते विज्ञान उभं राहिलं.

पण नोंद झाली आणि जात उपयोगी निघाली, तर पुढे ती कोणाची? चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये 'पटेल ३' भातातून वेगळ्या लोंब्या निवडून 'एचएमटी' घडवलं. पुढे कृषी विद्यापीठाच्या नावाने 'पीकेव्ही एचएमटी' आलं, देशभर पसरलं, आणि दादाजी २०१८ मध्ये आर्थिक ओढगस्तीतच गेले. ओडिशातल्या 'एफआर १३ ए' या स्थानिक भातात पुरात तग धरणारं जनुक सापडलं, ते स्वर्णेत उतरवून २००९ मध्ये 'स्वर्णा-सब १' आली. तिथे परकं जनुक घातलं नव्हतं, नुसता नेमका संकर होता, पिढ्यान्‌पिढ्या जपलेली जात होती. वाणाला नाव मिळालं स्वर्णेचं. जनुक संपादित आहे की संकराने आणलं आहे, यावर आपण रात्र जागवतो, आणि श्रेय व मालकी मात्र दोन्ही वाटांनी एकाच दिशेला वाहतात.

कायद्यात याची तरतूद आहे, हे फारसं कोणी सांगत नाही. त्याच २००१ च्या कायद्याचं कलम ४३ म्हणतं की शेतकऱ्यांच्या वाणावरून साधलेल्या नव्या वाणाला परवानगी देताना, मूळ वाण जपणाऱ्या शेतकऱ्यांची, गटाची किंवा समाजाची संमती लागेल. साधलेल्या वाणात जनुकीय अभियांत्रिकीने केलेला बदलही येतो. मात्र मूळ वाण कोणाचा हे कागदावर नसेल तर संमती मागायची कोणाकडे? शेतकऱ्यांच्या वाणाच्या नोंदणीला शुल्क नाही. २०२२ मध्ये राज्याने महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाला मंजुरी दिली, त्यात स्थानिक पिकांच्या जाती गोळा करण्याचं कामही आहे. तेव्हा नंदुरबार जिल्ह्यातल्या ग्रामसभांनी, कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने, आपापल्या भातांची नावं, दाणे आणि लागवडीची माहिती या कायद्याच्या वाण-नोंदवहीत आधी चढवावी. कॅलस धरायला प्रयोगशाळेचा माणूस बियाणं मागायला येईल तो त्यानंतर यावा, आणि येताना संमतीचा अर्ज घेऊन यावा.